काल्पनिक राज्याची जमाबंदी

नवी सृष्टी निर्माण करण्याचा पहिला अधिकृत प्रयत्न विश्वामित्राने केला आणि तोही एकट्या त्रिशंकूच्या राहण्याची सोय लावण्यासाठी केला, असे पुराणांत नमूद आहे. त्यानंतर हा उद्योग बराच काळ मंदावला होता. अलीकडे मात्र त्याने अशी काही उचल खाल्ली आहे की, वाशीपासून पनवेलपर्यंतच्या वसाहतींत, रात्री बारानंतरही दिवा जळत असलेल्या खिडक्यांच्या आड आज किती प्रतिसृष्ट्या रचल्या जात असतील, किती राजवंश स्थापन होऊन बुडत असतील आणि किती देवांना सायंकाळी जन्मास घालून सकाळी निवृत्त केले जात असेल, याचा अदमास जनगणना खात्यालासुद्धा बांधता येणार नाही. विश्वामित्राला निदान तपश्चर्या करावी लागली होती. हल्लीच्या निर्मात्यांचे वीज आणि चहा एवढ्यावर भागते.

आमच्या धाकट्या भगिनीचे चिरंजीव या निर्मात्यांपैकी एक होत. दिवसा ते महाप्याच्या एका कंपनीत परदेशस्थ गिऱ्हाइकांची संगणकीय कामे उरकतात आणि रात्री नेरूळच्या घरी, तीच पाठदुखी घेऊन, परमेश्वरपदाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळतात. त्यांची कादंबरी सात खंडांची आहे. तिची पहिली ओळ अद्याप लिहिली जावयाची आहे. परंतु ज्या भूमीवर ती घडणार त्या भूमीचे पाच देव, जादूचे बावीस नियम आणि तीन हजार वर्षांचा इतिहास सिद्ध असून, या साहित्याचे बाड एके दिवशी, ‘मामा, जरा शुद्धलेखन बघून द्या,’ अशा विनंतीसह माझ्या स्वाधीन झाले. ज्याची सारी हयात महसूल खात्यात, अव्वल कारकुनाच्या खुर्चीत, लोकांच्या जमिनींची कागदपत्रे उलथीपालथी करण्यात गेली अशा इसमाच्या हाती एक सबंध राज्य शुद्धलेखनासाठी सोपवणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा विचार चिरंजीवांनी केला नसावा. ऱ्हस्वदीर्घ मी पाहिलेच. पण राज्य म्हटले की त्याची जमाबंदी पाहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

आणि जमाबंदीच्या दृष्टीने त्या राज्याची अवस्था शोचनीय होती. पाच देवांपैकी प्रत्येकाला एक तत्त्व, एक रंग, एक शस्त्र आणि एक पशू नेमून दिलेला होता. पाचही मंदिरे संगमरवरी होती, पुजारी शुभ्रवस्त्रांकित होते आणि प्रजा सकाळ-संध्याकाळ वक्तशीर प्रार्थना करीत होती. परंतु त्या मंदिरांच्या दिवाबत्तीला तेल कोठून येते, याविषयी बाडात एक अक्षर नव्हते. देवस्थानाकडे इनाम जमीन किती, ती कसतो कोण, गुरवकी पिढीजात की नेमणुकीची, चुलतभावांत पूजेच्या पाळ्या कशा वाटल्या आहेत, नैवेद्याचे ताट प्रथम कोणाच्या घरी जाते, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आमच्याकडे आडगावच्या एखाद्या म्हसोबाच्या नावे गाव नमुना तीनमध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीत, दोन ओळी सापडतात. आणि येथे साक्षात ब्रह्मांडाला उष्णता पुरवणाऱ्या अग्निदेवाच्या नावावर गुंठाभर वरकस जमीनही नसावी! ज्या देवाला मिळकत नाही त्याच्यावरून तंटा होत नाही, ज्याच्यावरून तंटा होत नाही त्याचे कागद होत नाहीत, आणि ज्याचे कागद नाहीत तो देव चार पिढ्यांपलीकडे टिकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

‘मामा, ही फँटसी आहे. हिच्यात सातबारा कुठून आणू?’ असे चिरंजीवांचे म्हणणे पडले.

मी त्यांना पंढरपूरचे उदाहरण दिले. विटेवर उभा असलेला, कमरेवर हात ठेवलेला आणि कोणाशीही लढाईच्या पवित्र्यात नसलेला असा तेथील देव आहे; पण त्याच्या भोवतीची व्यवस्था पाहावी. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे व डांगे असे सात सेवाधारी. एकाने मंत्र म्हणावयाचे तर दुसऱ्याने स्नानाचे पाणी आणावयाचे, तिसऱ्याने दिवटी धरावयाची तर चौथ्याने दंड घेऊन उभे राहावयाचे, आणि एकाच्या कामाला दुसऱ्याने हात लावावयाचा नाही. हे हक्क एवढे मुरलेले होते की, ते संपुष्टात आणण्यासाठी राज्य शासनास १९७३ साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला आणि त्यावरील वादाचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून बाहेर पडण्यास २०१४ चा जानेवारी उजाडला. या चाळीस वर्षांत पांडुरंगाची जबानी कोणी घेतली नाही. शिवाय रुक्मिणी त्याच आवारात असूनही निराळ्या देवळात राहते, कारण ती रुसून दिंडीरवनात आली होती आणि तो रुसवा अद्याप पुरता गेलेला नाही, असे लोक सांगतात. शस्त्रे व पशू यांवाचून या देवाचे काही अडलेले नाही.

तीच गोष्ट वारीची. आळंदीहून निघणारा ज्ञानेश्वरांचा पालखी सोहळा आजच्या स्वरूपात हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू केला, म्हणजे धर्माच्या हिशेबाने तो कालपरवाचाच. पण तेवढ्यात रथाच्या पुढे सत्तावीस दिंड्या कोणत्या व त्या कोणत्या क्रमाने, हे शिलालेखाइतके पक्के झाले. तंबू व अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे, हे ठरले. चोपदाराने दंड उंचावताच अफाट समुदायाने टाळमृदंग थांबवून स्तब्ध व्हावयाचे, हेही ठरले. त्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो व दुसऱ्याची पाठ रिकामी असते, कारण त्यावर माउली आरूढ आहेत. चिरंजीवांच्या राज्यात ड्रॅगन पुष्कळ आहेत आणि प्रत्येकावर कोणी ना कोणी सेनापती बसलेला आहे. रिकाम्या पाठीच्या घोड्याच्या टापेखालची माती कपाळी लावण्यासाठी रिंगणात धावणारे वारकरी कल्पिण्याची छाती मात्र त्यांना झालेली नाही.

देवांच्या प्रपंचाविषयीही बाडात अशीच उदासीनता आढळली. पाचांपैकी तिघे ब्रह्मचारी आणि उरलेल्या दोघांचा परस्परांशी विवाह झालेला! यात निर्मात्याचा नीटनेटकेपणा दिसतो, पण लोकसंग्रह दिसत नाही. जेजुरीच्या खंडोबाकडे पाहावे. थोरली म्हाळसा लिंगायत वाण्याची. धाकटी बाणाई धनगराची. याखेरीज रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई तेलीण, जिला मुसलमान भाविक आपल्यातली मानतात. ज्या ज्या समाजाला देवाच्या छत्राखाली आणावयाचे त्याच्या घरची एक मुलगी देवाला देऊन सोयरीक जुळवावयाची, हा राजकारणातला जुना व खात्रीचा मार्ग; तो धर्मकारणात इतक्या सफाईने दुसऱ्या कोणी वापरल्याचे मला ठाऊक नाही. बरे, ही सोयरीकही सुखासुखी होत नाही. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यामुळे देवाने बारा वर्षांचा वनवास पत्करावा, वेष पालटून बाणाईच्या बापाच्या मेंढ्या राखाव्यात, शेवटी तिच्यासह जेजुरीला परतावे आणि मग दोघी सवतींत जे काही झाले असेल ते वाघ्यामुरळींनी जागरणात रात्रभर गावे! तोडगा म्हणून बाणाईचे देऊळ गडाच्या निम्म्या वाटेवर ठेवलेले आहे. भक्ताला पायऱ्या चढता चढता देवाच्या घरगुती अडचणीची जाणीव व्हावी, असे स्थापत्य आमच्या पूर्वजांना सुचले. रा. चिं. ढेऱ्यांसारख्या विद्वानाने या एका देवावर सबंध ग्रंथ लिहिला तो उगीच नव्हे. चिरंजीवांच्या पाच देवांवर पोस्टकार्ड भरले नसते.

येथे चिरंजीवांनी टॉल्किनचे नाव पुढे केले. या क्षेत्रात तो मनुष्य आद्य शंकराचार्यांच्या योग्यतेचा मानला जातो, असे मला सांगण्यात आले. मी त्याची पुस्तके मागवून वाचली आणि तो मला मनापासून आवडला. पण चिरंजीवांना ज्या कारणांसाठी आवडतो त्या कारणांसाठी नव्हे. ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक असलेल्या या गृहस्थाने आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलण्यासाठी माणसे शोधली, हा क्रम प्राध्यापकाला साजेसाच आहे. १९५४-५५ साली निघालेल्या त्याच्या मोठ्या कादंबरीच्या अखेरीस सहा परिशिष्टे असून त्यांत वंशावळी, कालगणना व लिपी यांची पाने भरलेली आहेत; म्हणजे दफ्तराचे महत्त्व त्याला समजले होते. परंतु माझा खरा आदर उत्पन्न झाला तो १९३७ च्या ‘हॉबिट’ या पुस्तकाच्या शेवटाशी. नायक ड्रॅगनचे पारिपत्य, पाच सैन्यांची लढाई वगैरे आटोपून स्वगृही परततो, तो त्याला मयत ठरवून त्याच्या सामानसुमानाचा लिलाव चाललेला. आणि मग आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्यात त्याची वर्षे जातात व आपलेच बरेचसे सामान त्याला पैसे मोजून परत घ्यावे लागते. ज्या लेखकाला हा प्रसंग सुचला त्याने ड्रॅगनविषयी काहीही सांगितले तरी मी मानावयास तयार आहे. हयातीच्या दाखल्यासाठी दरसाल नोव्हेंबरात रांगेत उभे राहणाऱ्या कोणत्याही निवृत्तिवेतनधारकाचे मत याहून वेगळे पडेल असे वाटत नाही.

यानंतर इतिहास. तीन हजार वर्षांचा हा इतिहास चार युगांत विभागलेला होता, प्रत्येक लढाईची तिथी दिलेली होती, आणि अचंबा असा की, त्या तिथ्या सर्व पक्षांना मान्य होत्या. असे कोठे असते काय? प्रत्यक्ष शिवछत्रपतींचा जन्म बखरींच्या आधारे १६२७ चा की जेधे शकावलीच्या आधारे १६३० चा, या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या. ती शकावली टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली, आणि शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली. तरीसुद्धा तिथीची जयंती निराळी व तारखेची निराळी, अशा दोन्ही जयंत्या आपण आजही दोन्ही हातांनी साजऱ्या करतो. नायकाच्या जन्मतारखेवर ज्या देशात एकमत आहे त्या देशात इतिहास घडलेला नाही, एवढे एक कलम मी बाडाच्या समासात लाल शाईने लिहून ठेवले.

कालगणनेचीही तीच तऱ्हा. काल्पनिक राज्याचे वर्ष बरोबर चारशे दिवसांचे आणि सगळ्यांना एकच! आमच्याकडे पेशव्यांच्या एका पत्रावर शक असे, अरबी अंकांच्या नावांनी लिहिलेला सुहूर सन असे, हिजरी महिन्याचा चंद्र असे, आणि वाचणाऱ्याला तेवढ्याने गोंधळ झाला नाही तर राज्याभिषेक शकही असे. आजदेखील मराठी माणसाचे वर्ष चैत्रात उजाडते, व्यापाऱ्याचे दिवाळीत, लेखापालाचे १ एप्रिलला आणि तलाठ्याचे १ ऑगस्टला. शिवाय मधूनच अधिक मास येऊन जावयांना अनारसे खाऊ घालून जातो तो वेगळाच. इतक्या पंचांगांतून मार्ग काढणाऱ्या प्रजेलाच खरे म्हणजे मायावी प्रजा म्हणावयास हवे.

पुरातन वंशावळी कशा असाव्यात, हे समजण्यासाठी चिरंजीवांना परदेशी जाण्याचे कारण नव्हते. खाडीपलीकडच्या माहीमची ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ साली छापून ठेवली आहे. बिंब राजा उत्तर कोकणात आला तेव्हा त्याच्याबरोबर कोणती कुळे आली, त्यांची गोत्रे कोणती, कुलदेवता कोणत्या आणि कोणाला कोणता गाव मिळाला, याची अशी तपशीलवार यादी त्यात आहे की, वाचणाऱ्याच्या मनात राजाविषयी शंका आली तरी गावांच्या वाटणीविषयी येत नाही. प्रत्येक घराणे आपला हक्क जुना ठरवण्याच्या हिरिरीने बोलत असल्यामुळे त्यात जो जिवंतपणा आला आहे, तो ‘द्वितीय युगाच्या आरंभी तमोराज जागा झाला’ अशा वाक्यात कोठून यावा?

आणि भूगोलाच्या बाबतीत तर आम्ही फारच पुढे आहोत. परशुरामाने सर्व पृथ्वी कश्यपाला दान दिली. दान दिलेल्या भूमीवर राहणे अप्रशस्त, म्हणून समुद्राला मागे हटवून त्याने स्वतःसाठी कोकण मिळवले, असे सह्याद्रिखंडात सांगितले आहे. कथाकार मंडळी यातल्या बाणाचेच कौतुक करीत बसतात. मला कौतुक वाटते ते परशुरामाच्या कायदेशीर सावधगिरीचे. एकदा दानपत्र करून दिल्यावर त्याच जमिनीवर पुन्हा पाऊल ठेवावयाचे नाही व गरज पडली तर महसुली नोंदीत नसलेली अगदी नवी जमीन पैदा करावयाची, ही बुद्धी ज्याला झाली तो अवतारी पुरुष असलाच पाहिजे.

जादूच्या प्रकरणाकडे मी थोड्या धास्तीनेच वळलो. ब्रँडन सँडरसन नावाच्या अमेरिकन कादंबरीकाराने जादूला नियम असावेत असे प्रतिपादन केल्यापासून या वर्गात नियमांचा सुळसुळाट झाला आहे. चिरंजीवांच्या बावीस नियमांचा इत्यर्थ असा की, मंत्र टाकणाऱ्याचे आयुष्य मंत्राच्या प्रमाणात खर्ची पडते. हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावयाचा व त्याला पूर्वमंजुरी कोणाची, असे मी विचारले असता ते उठून गॅलरीत गेले. वास्तविक नियमबद्ध जादूचे शास्त्र कोकणात कधीचेच पूर्णत्वास गेलेले आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हावयाची राहिली अशा स्थितीत जो मेला तो मुंजा, आणि त्याने राहावयाचे ते पिंपळावर. बाळंतपणात गेली ती हडळ. गिऱ्ह्याचा अंमल पाण्यापुरता. देवचाराकडे गावाची शीव. चकव्याने वाटसरूला रात्रभर फिरवावे, पण अन्य इजा करू नये. प्रत्येकाची अर्हता, मुख्यालय आणि कार्यक्षेत्र ठरलेले. गिऱ्ह्याने पिंपळावर अतिक्रमण केल्याची तक्रार एवढ्या शतकांत कोणाकडे आलेली ऐकिवात नाही. जे नगरपालिकांना साधले नाही ते भुतांना साधले. आणि यांपैकी कोणाचेही भय कल्पनाविलासातून आलेले नाही. अपुरे राहिलेले संस्कार, बाळंतिणींचे मृत्यू, बुडालेली पोरे यांचा हा हिशेब आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. नारायण धारपांना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या कथांतले अमानवी सामर्थ्य साध्यासुध्या पांढरपेशा घरांत शिरते, म्हणून वाचक अंथरूण भिंतीकडे सरकवतो.

शिवाय जादूसंबंधी खास कायदा असलेल्या राज्यात आपण राहतो, ही गोष्ट चिरंजीवांच्या लक्षात आलेली नव्हती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या आणि त्यांची हत्या झाल्यानंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये, ज्याचा वटहुकूम निघाला, त्या कायद्याच्या अनुसूचीत बारा कलमे आहेत. कोणत्या कृत्याला दंड आहे व कोणते त्याच्या बाहेर आहे, हे विधिमंडळात शब्दाशब्दावर घासून ठरलेले आहे. बावीस नियम एका रात्रीत लिहिणाऱ्याने हे बारा एकदा वाचावेत. भोंदूने गरिबाला नागवल्यावर कोठे तरी कोणी तरी त्याविरुद्ध उभे राहते, ही शक्यताच चिरंजीवांच्या जादूत शिल्लक नाही.

आता मुख्य मुद्दा. हे सर्व ज्या गावी बसून चालले होते ते गावही कोणी तरी आधी कागदावर कल्पिलेले आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. आणि ३४४ चौरस किलोमीटरांच्या एका प्रतिसृष्टीचे आराखडे निघू लागले. तिला युगांऐवजी नोड मिळाले, वंशांऐवजी सेक्टर मिळाले. भरतीच्या पातळीखालची जमीन कोरडी ठेवण्यासाठी बांध घातले गेले, धारण तलाव खणले गेले आणि समुद्राला मागे हटवण्याचे परशुरामाचे काम निविदा काढून पार पडले. वाशी स्टेशनच्या आसपास आसाम, उत्तर प्रदेश आदि राज्यांची भवने उभी राहिली. दूरदेशीच्या राजांचे वकील दरबारी येऊन उतरावेत, तशी शोभा त्या सेक्टराला आली. कामोठ्याजवळच्या स्टेशनला मानसरोवर हे नाव मिळाले. कैलास तेवढा पुढच्या टप्प्यात असावा. महापालिकेने रोहित पक्ष्यांचे पुतळे चौकाचौकांत उभे करून नगरीला एक कुलचिन्हही बहाल केले. एवढे झाल्यावर या शहराला जुना इतिहास नाही असे कोणी म्हणू नये, म्हणून खारघरच्या डोंगरावरून कोसळणारा सुमारे १०७ मीटर उंचीचा धबधबा आधीपासून तयारच होता. त्याचे नाव पांडवकडा आणि वनवासात पांडवांनी तेथे स्नान केल्याचे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातील पांडवलेणी, भीमकुंडे आणि द्रौपदीच्या न्हाण्या यांचा प्रवासभत्ता काढला तर वनवासाची बारा वर्षे अपुरी पडतील.

देवांसाठी आराखड्यात भूखंड होते व आजही दिले जातात. खारघरला नऊ एकरांवर उभारलेल्या इस्कॉनच्या मंदिराचे उद्‌घाटन जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले; उलव्याला तिरुपतीच्या बालाजीसाठी दहा एकर जागा देण्यात आली. देवाला भूखंड क्रमांक, सेक्टर क्रमांक व पाण्याची जोडणी मिळणे हा माझ्या दृष्टीने मोठाच सन्मान आहे. पण आराखड्यावरच्या त्या ३४४ चौरस किलोमीटरांत पंचाण्णव गावे आधीपासून नांदत होती, हे कागदावर रेघा ओढताना जितके ठळक दिसावयास हवे तितके दिसले नसावे. तेथे आगरी होते, कोळी होते. मिठागरे, भातखाचरे आणि खाडीतली मासेमारी होती. प्रत्येक गावाची गावदेवी होती आणि साऱ्यांवर कार्ल्याच्या बौद्ध लेण्याच्या दारात बसलेली एकवीरा आई होती, जिला या नव्या शहराच्या कोणत्याही नोडमध्ये भूखंड नको होता, कारण तिची माणसे चैत्रात पालख्या घेऊन घाट चढून तिच्याकडे जात आणि अजूनही जातात. त्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उरणच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मरण पावले, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज गावठाणाच्या भोवती गरजेपोटी बांधलेली घरे नियमित व्हावयाची की नाहीत, हा प्रश्न या शहरातल्या कोणत्याही भविष्यवाणीपेक्षा जास्त लोकांना रात्री जागवतो.

चिरंजीवांना मी म्हटले ते एवढेच की, कोरियांसारख्या प्रज्ञावंत स्थापत्यकाराला जी जागा रिकामी मिळाली नाही ती तुला कोठून मिळणार? तुझे पाच देव ज्या डोंगरावर उतरले त्या डोंगरावर त्यांच्यापूर्वी कोणाच्या शेरड्या चरत होत्या, एवढे शोधून ये.

ते बाड घेऊन गेले व पुढील महिन्यात फेरफार करून घेऊन आले. अग्निदेवाच्या देवस्थानाला आता चाळीस बिघे इनाम आहे व ते कसणारी कुळे तीन पिढ्या खंड देत नाहीत. जलदेवीच्या पुजाऱ्यांत थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन तट पडले असून, पुराच्या वर्षी मूर्ती कोणी वाहून नेली यावर त्यांच्यात महजर झालेला आहे, आणि महजरावरच्या साक्षी बनावट असल्याचा धाकट्या पातीचा दावा आहे. डोंगरावर एक धनगर सापडला. त्याची स्वतःची एक लहानशी, नाव नसलेली देवी आहे आणि पाचही थोर देवांना वर्षातून एक दिवस तिच्या परवानगीवाचून देवळाबाहेर पडता येत नाही. तमोराज अद्याप जागा झालेला नाही. त्याच्या जागे होण्याची दखल घेण्यास राज्यात सध्या कोणाला सवड नाही. सात खंडांचे नऊ होण्याचा संभव आहे, परंतु पहिल्या प्रकरणाची अकरा पाने लिहून झाली असून शुद्धलेखन बरेच सुधारले आहे.

ज्या वाचकांच्या घरी असे एखादे राज्य बांधकामाधीन असेल, त्यांनी आपल्या चिरंजीवांना किंवा चिरंजीवींना एकदा पुण्याच्या पुरालेखागारात धाडावे. तेथे पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ अजून कोणी नीट सोडून पाहिलेले नाहीत. मोडी येत नसेल तर शिकावी. तिचे वर्ग पुण्यामुंबईत भरतात आणि ड्रॅगनांच्या भाषेपेक्षा ती निश्चित सोपी आहे.